साठ-सत्तरला थरथर म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर गेला? आधी ब्रेकला पाय लावून बघा

गोव्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला जोरात फिरतोय. मथितार्थ असा: जुनी ऑटोमॅटिक गाडी साठ-सत्तरच्या वेगाला थरथरली की टॉर्क कन्व्हर्टर गेला समजा. चेक इंजिनचा दिवा लागला नसेल तर वायरिंगकडे बघूच नका. खात्री हवी असेल तर ब्रेक दाबून धरून एक्सलरेटर मारा. गिअरबॉक्सचं तेल मात्र बदलू नका, बदललं की गिअर घसरतात. आणि खर्च झेपत नसेल तर लॉकअपची वायर काढून ठेवा, काही बिघडत नाही. या पाचांतल्या एकातच अर्धसत्य आहे. तो मुद्दा तेलाचा.

लॉकअप म्हणजे काय, ते थोडक्यात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते आणि त्यात थोडी घसर कायम असते. वेग स्थिरावला की कन्व्हर्टरच्या आतला एक क्लच दोन्ही बाजू जखडतो, घसर जवळपास शून्यावर येते आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) साधारण २०० ते ४०० ने उतरतात. त्यासाठी इंजिन गरम लागतं, गिअर वरचा लागतो, एक्सलरेटर स्थिर लागतो आणि ब्रेक मोकळा लागतो. पणजीच्या गर्दीत किंवा गावच्या वळणांवर चाळिशीने चालणाऱ्या गाडीत हा क्लच बहुधा बसतच नाही. त्यामुळे दोष महिनोन्‌महिने झाकलेला राहतो आणि मग एक दिवस महामार्ग ६६ ला लागल्यावर मालकाला वाटतं, काल तर ठीक होती.

आता पहिला दावा. मुळात प्रत्येक ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो हेच खरं नाही. एएमटी गाड्यांत, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राने चालवणाऱ्यांत, साधा कोरडा क्लच असतो. होंडा सिटीच्या २००३ ते २००८ च्या पिढीतल्या सीव्हीटीत (ठराविक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सात) कन्व्हर्टरऐवजी स्टार्ट क्लच आहे, म्हणजे गाडी सुटताना पकडणारा क्लच. ती गाडी सुटताना थरथरते, साठ-सत्तरला नव्हे, आणि तिचा उपायही वेगळा. तेव्हा आपल्या गाडीत नक्की काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

कन्व्हर्टर असेल तर गाडी गरम झाल्यावर निदान दहा मिनिटांचं आहे आणि त्याला हत्यार लागत नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी नीट गरम करा. धारगळसारखा सरळ पट्टा आणि पहाटेची रिकामी वेळ निवडा, टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) बघायला शेजारी एक माणूस घ्या. सपाट रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) चालू ठेवून सत्तरवर स्थिर व्हा आणि थरथर यायची वाट बघा. आली की उजवा पाय न हलवता डावा पाय ब्रेकवर फक्त टेकवा: मागचे दिवे लागतील एवढाच, गाडी मंदावेल इतका नाही. टाच जमिनीवर टेकलेली हवी, कारण डाव्या पायाला क्लच जोरात दाबायची सवय असते. मागे कोणी नाही हेही बघून घ्या. दिवे लागताच लॉकअप सुटतो आणि आरपीएम २००-३०० ने वर जातात. त्याच क्षणी थरथर गेली आणि पाय काढल्यावर सेकंद-दोन सेकंदांत परत आली, तर लॉकअपशी तिचा संबंध आहे. आरपीएम हललेच नाहीत तर लॉकअप बसलेलाच नव्हता. मग थरथर दुसऱ्या कशाची तरी आहे.

‘संबंध आहे’ असं जपून म्हटलंय. लॉकअप बसला की इंजिन आणि चाकं यांच्यात तेलाची गादी उरत नाही, त्यामुळे एखादा सिलिंडर अधूनमधून पेटायचं चुकत असेल (मिसफायर) तर ते झटकेही थेट सीटपर्यंत पोचतात. समुद्राकाठच्या दमट, खारट हवेत इग्निशन कॉइलच्या कनेक्टरवर हिरवट थर धरतो आणि पावसाळ्यात मिसफायर सुरू होतो. दोन्हींतला फरक एक्सलरेटर सांगतो. लॉकअपची थरथर हलक्या, स्थिर एक्सलरेटरवर येते आणि तो खोल दाबला की जाते, कारण तेव्हा गाडीचा संगणक लॉकअप सोडतो. मिसफायर मात्र भार वाढला की वाढतो. चाळिशीला जोरात दाबल्यावर थरथर आणि सोडल्यावर शांत, तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा तपासा. एक्सलरेटर सोडूनही त्याच वेगाला कंप राहत असेल तर टायर आणि बॅलन्सिंगकडे जा.

आणखी एक फसवा प्रकार आहे. टॅकोमीटरचा काटा दर दोन-तीन सेकंदांनी २००-३०० ने वरखाली होतो आणि मालक त्यालाच थरथर म्हणतो. खरी थरथर इतकी जलद असते की काटा जेमतेम हलतो. रस्त्यावरच्या रम्बल पट्ट्यांवरून गाडी गेल्यासारखं वाटतं. काटा सावकाश नाचत असेल तर लॉकअप बसतोय-सुटतोय, आणि त्याला हुकूम चुकीचा मिळतोय. जुन्या गाडीत पहिला संशय थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर घ्या, म्हणजे एक्सलरेटर किती दाबलाय ते संगणकाला सांगणाऱ्या भागावर. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून मीटर लावा आणि पेडल सावकाश दाबा. व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत सलग चढायला हवं. नेहमीच्या वेगाच्या जागी आतला पट्टा झिजतो आणि नेमकं तिथे आकडा उडी मारतो. अल्टरनेटरचा डायोड गेला तरी असं होऊ शकतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर एसीला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अल्टरनेटर दुरुस्त करा.

लॉकअप बसतच नसेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा झडप) आहे का ते बघा. हो, आहे का. ‘गोव्यात कसली थंडी, काढून टाका, गाडी गरम होणार नाही’ म्हणून तो काढलेल्या गाड्या कितीतरी आहेत. मग पावसात महामार्गावर इंजिनचं तापमान वर चढत नाही, संगणकाला इंजिन अजून थंडच दिसतं आणि तो लॉकअप देत नाही, काही गाड्यांत चौथा गिअरही नाही. एवढा स्वस्त भाग काढून पेट्रोलचं बिल वाढवायचं, ही काटकसर अजब आहे. ब्रेक पेडलवरचा स्विचही असाच. हेडलाइट बंद आणि पेडल मोकळं असताना ब्रेकचे दिवे मंद जरी लागलेले दिसले, तरी संगणकाच्या दृष्टीने तुम्ही कायम ब्रेक दाबून आहात.

दुसरा दावा, दिवा नाही म्हणजे वायरिंग ठीक. संगणक दोष कोडने नोंदतो; लॉकअपचे नेहमीचे कोड पी०७४० ते पी०७४३. त्यांतला पी०७४१ घसर ठराविक मर्यादेपलीकडे आणि ठराविक वेळ टिकली तरच नोंदला जातो. ५०-१०० आरपीएमची थरथर या जाळीतून सुटते. शिवाय स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनचाच संगणक वाचतं, गिअरबॉक्सचा नाही. भारतात गाड्यांना ओबीडी (स्वतःचे दोष नोंदणारी यंत्रणा) सक्तीचं होऊ लागलं २०१० पासून. त्याआधीच्या चार-गिअरी होंडात सर्व्हिस कनेक्टर जोडून डॅशबोर्डवरचा डी४ या गिअरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजावं लागतं. लॉकअपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी तेलाची झडप) ओहममीटरने थंड आणि गरम, दोन्ही वेळा मोजा. जुन्या टोयोटात ऑन-ऑफ सोलेनॉइड ११ ते १५ ओहम, होंडात १२ ते २५. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर सर्किट तुटलेलं, असा सोलेनॉइड दिव्याशिवायही महिनाभर छळू शकतो.

चांगला स्कॅनर असेल तर इंजिनचे आणि टर्बाइनचे (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या बाजूचे) आरपीएम शेजारी-शेजारी लावा. लॉकअप बसल्यावर फरक ५० च्या आत हवा. स्कॅनर नसेल तर गणित आहे. चौथ्या गिअरचं आणि फायनल ड्राइव्हचं (चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचं) गुणोत्तर गुणून ३ येतं आणि टायरचा परीघ १.८ मीटर आहे असं धरा. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. भागिले १.८, गुणिले ३, उत्तर सुमारे २२२०. टॅकोमीटर २२०० च्या आसपास असेल तर लॉकअप बसलाय, २५०० दाखवत असेल तर नाही. वेग जीपीएसवरून घ्या, स्पीडोमीटर वाढवून सांगतो.

तिसरा, ब्रेक दाबून एक्सलरेटर मारायचा. त्याला स्टॉल टेस्ट म्हणतात. ती स्टेटरचा (कन्व्हर्टरमध्ये तेलाची दिशा वळवणाऱ्या चाकाचा) एकदिशा क्लच आणि गिअरबॉक्सचे क्लच तपासते. उभ्या गाडीत, पहिल्या गिअरला लॉकअप बसलेलाच नसतो, मग त्याच्याबद्दल ती काय सांगणार? पाच सेकंदांपेक्षा जास्त धरली तर तेल मात्र उकळतं. उलटा दोष, म्हणजे लॉकअप सुटतच नाही, तो ओळखायला याहून सोपी खूण आहे: सिग्नलला थांबताना डी मध्ये इंजिन बंद पडतं, पण आधीच न्यूट्रल केलं तर चालू राहतं. अशा गाडीचा पेट्रोल पंप बदलून काही होणार नाही.

आता तेल. अर्धसत्य एवढंच की क्लच आधीच संपलेले असतील तर नवं तेल ते वाचवत नाही आणि दोष त्याच्या माथी येतो. मशीनने दाब देऊन फ्लश करणं जुन्या, गाळ भरलेल्या गिअरबॉक्सला खरंच धोक्याचं. पण साधं काढ-घाल तसं नाही, आणि लॉकअपच्या थरथरीचं सर्वांत नेहमीचं कारण शिळं किंवा चुकीचं तेल हेच असतं. जुन्या टोयोटाला टी-४, ह्युंदाईच्या चार-गिअरी गाड्यांना एसपी-३, होंडाला पूर्वीच्या झेड-१ च्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१. ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून कोणतंही लाल तेल ओतलं की त्यातल्या घर्षण नियंत्रकाचा मेळ बसत नाही आणि क्लच पकड-घसर, पकड-घसर करू लागतो.

एका वेळी निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. निघालेलं लिटरच्या बाटलीने मोजा, सहसा तीनेक लिटर भरतं, आणि तेवढंच घाला. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला जवळपास ८७ टक्के तेल नवं झालेलं असतं. जुन्या होंडाच्या ड्रेन प्लगला चौकोनी खाच असते, त्यात तीन-अष्टमांश इंचाचा रॅचेट थेट बसतो. वॉशर नवा घाला आणि ४९ न्यूटन-मीटरला आवळा. प्लगच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा लेप दिसला तर चिंता नको. धातूची किरचं किंवा काळे कागदासारखे तुकडे दिसले तर तेल बदलून भागणार नाही. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय: रेडिएटरमधला कूलर फुटलाय किंवा गाडी साचलेल्या पाण्यातून गेली आहे. विहिरीचं खारं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिल्याचं फळ म्हणजे फुटलेला कूलर. कूलर आधी बदला, मग तेल. पातळी बघायची रीतही एकच नाही: बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, जुन्या होंडात बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत.

शेवटी वायर. एखाद्या संध्याकाळपुरती चाचणी म्हणून ती काढणं ठीक, थरथर गेली तर निदान पक्कं होतं. कायमची काढली तर कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि ती सगळी घसर उष्णता होऊन तेलात उतरते. बेळगावसारख्या लांब पल्ल्याला या जादा उष्णतेने तेल लवकर जळतं, आणि पुढचे बळी गिअरबॉक्सचे क्लच असतात. काही गाड्यांत तर सर्किट तुटलेलं दिसताच संगणक चौथा गिअरच बंद करतो.

हे सगळं तपासूनही कन्व्हर्टरच दोषी निघाला तर बदलावाच लागेल. नवा बसवण्याआधी कूलरच्या नळ्या धुवा आणि कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओता. बसवताना तो फिरवत आत ढकला. सहसा तीन वेळा खटकन आत सरकतो. दोनदाच सरकला आणि बोल्ट आवळून बेल हाउसिंग (कन्व्हर्टरवरचं घंटेसारखं आवरण) जुळवलं, तर पहिल्या स्टार्टआधीच तेलाच्या पंपाचा गिअर फुटलेला असतो.