दोन डोंगर, मधे सूर्य आणि सावली नसलेलं घर

उन्हाळी शिबिरात पहिल्या दिवशी मी मुलांना म्हणतो, हवं ते काढा. बहुतेक कागदांवर तेच उगवतं: दोन डोंगर, मधे सूर्य, पुढे नदी, घर आणि आडव्या तीनसारखे पक्षी. मग मी विचारतो, सूर्य घराच्या मागे आहे ना? मग आपल्याकडची भिंत एवढी लख्ख कशी? वर्ग चिडीचूप.

दोष मुलांचा नाही. आपण वस्तू काढायला शिकवतो, उजेड बघायला नाही. मटका, केळी, वांगं. छायाप्रकाश म्हणजे एका बाजूला सिक्स-बीची मऊ, काळी पेन्सिल घासायची आणि बोटाने पसरवायची, मग खिडकी कुठल्याही बाजूला का असेना!

यंदा तीन दिवस रंगपेटी उघडूच दिली नाही. दिवे बंद, एकच खिडकी उघडी, पांढऱ्या कागदावर एक अंडं. (शाकाहारी घरातल्यांना पिंगपाँगचा चेंडू.) बऱ्याच वेळाने एक मुलगी म्हणाली, "सर, सावलीतल्या भागातही खालून उजेड आहे." कुठून आला? तिनेच पांढरा कागद काढून काळा ठेवला. उजेड गेला. हे मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी पोचलं नसतं.

मोबाइलला माझा विरोध नाही. पण तो मुलांच्या आधी बघतो आणि परस्पर दुरुस्त करून टाकतो. नाइट मोडमध्ये निरांजनाच्या उजेडातलं देवघर ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं. म्हणून आधी स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, लॉक करायला आणि तो खाली ओढायला शिकवलं. अंधार फोटोत राहू दे की!

मग चित्रकार सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' दाखवलं. १९४५-४६ चं हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. मुलगी दिव्यावर हात धरून उभी, आणि बोटं आतून लालसर पेटलेली. पारदर्शक जलरंगात उजेड वरून थापता येत नाही, तिथे कागद कोरा सोडून तो राखून ठेवावा लागतो. मुलांनी लगेच मोबाइलची टॉर्च तळव्यामागे धरली. सगळ्यांची बोटं लाल! पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नव्हता.

शेवटच्या दिवशी एका मुलाने पुन्हा तेच डोंगर काढले. या वेळी घर काळपट, फक्त कौलांची कड उजळलेली, आणि सावली लांबत कागदाबाहेर गेलेली. न्यायला आलेल्या आईने चित्र बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, आधीचं जास्त छान नव्हतं का हो?"