खर्जाची साडेसाती

गाण्याला बेस, म्हणजे खर्जातली गिटार, हवी होती. बेस वाजवणारा माणूस आणायचा तर त्याच्या वेळा सांभाळा, मूड सांभाळा. त्यापेक्षा प्लगइन, म्हणजे कॉम्प्युटरवरच वाद्य वाजवणारं सॉफ्टवेअर, बरं, असा मी हिशेब केला. प्लगइनलाही मूड असतो, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

नमनालाच घडाभर तेल गेलं. आधी खातं उघडा, मग कंपनीचा डाउनलोडर उतरवा, त्या डाउनलोडरकरवी प्लगइन उतरवा आणि परवान्यासाठी तिसरंच सॉफ्टवेअर बसवा. बरं, हे धूड कित्येक जीबींचं. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा रेकॉर्ड केलेला; शिवाय तोच सूर लागोपाठ वाजला तर यंत्र बडवतंय असं वाटू नये म्हणून त्याच्या आणखी आवृत्त्या. तारा मात्र चारच! शेवटी इन्स्टॉल झालं, तेव्हा मी सॅम्पलच्या, म्हणजे या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या, फोल्डरला हौसेने छानसं नाव दिलं. प्लगइन लगेच म्हणालं, ‘लायब्ररी सापडत नाही.’ जुनं नाव परत दिल्यावर सापडली.

आता वाजवायचं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, सर्वांत खालचा सूर ई० (अक्षर सुराचं, आकडा सप्तकाचा). मी पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर मांडायच्या पडद्यावरच्या तक्त्यात, ई० गाठला आणि तिथूनच सगळी चाल बसवली. प्ले दाबलं. शांतता. केबल बघितली, आवाज वाढवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्यावरच्या गिटारचं एक बटण तेवढं दर सुराला बदलत होतं: बोटाने, पिकने, स्लॅप, म्यूट, परत बोटाने.

पाऊण तासाने उलगडा झाला. १९८३ साली मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांची आपसातली भाषा, आली तेव्हा सुरांना आकडे ठरले, पण सप्तकांना कोणी काय म्हणायचं ते ज्याच्या त्याच्यावर राहिलं. ६० नंबरच्या सुराला कोणी सी३ म्हणतं, कोणी सी४. पुस्तिकेतला ई० माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ई१ होता. म्हणजे मी गिटारच्या खालच्या तारेपेक्षाही एक सप्तक खाली उतरलो होतो आणि तिथे सूर नसतात, कीस्विच असतात. त्या पट्ट्या वाजत नाहीत, वाजवायची पद्धत तेवढी बदलतात. माझ्या हुकमाबरहुकूम तो बिचारा अदृश्य वादक पाऊण तास नुसता पवित्रे बदलत उभा होता!

सगळं एक सप्तक वर उचललं, तरी लॅपटॉपमधून नुसतं टक्-टक्. खालची तार ४१ हर्ट्झची. लॅपटॉपच्या नखाएवढ्या स्पीकरला तो आवाज झेपत नाही. हेडफोन लावले आणि अहाहा! खर्ज थेट बरगड्यांत उतरला. मी डोळे मिटून डोलायला लागलो. बायको दारात येऊन ‘बास!’ म्हणाली, ती वाद्याचं नाव घेत नव्हती. स्पीकरचं टक्-टक् मी बंदच केलं नव्हतं.

मग कीबोर्डवर स्वतः वाजवायची खुमखुमी आली. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती तुकडे साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा, १०२४ ठेवला तर पट्टी आत्ता दाबा, सूर मागून रेंगाळत येणार. हिशेबाने हे जेमतेम २३ मिलिसेकंद, वर ऑडिओ ड्रायव्हरची दस्तुरी वेगळी. पण बेस ढोलाच्या मागे पडला की गाणं लंगडतं. बफर ६४ केला तर आवाज कढईत पडल्यासारखा तडतडतो. १२८ वर तह झाला. त्यातही पट्टी जरा जोरात दाबली की हा पठ्ठ्या स्लाइड मारतो. म्हणजे जिथे जीव ओतावा, तिथे नेमका घसरगुंडीवर!

तीन रात्री गेल्या. एकेका सुराचा जोर कमाल १२७ वरून ९० च्या आसपास आणला, दोन सूर मुद्दाम किंचित उशिरा सरकवले, माणूस वाजवतोय असं वाटावं म्हणून. गाणं मित्राला पाठवलं. पाचच मिनिटांत उत्तर आलं, ‘झकास! आता फक्त बेस टाक.’

त्याने मोबाइलवर ऐकलं होतं.