भरतपूरची नाव चालते तेव्हा

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मी दोनदा गेले. पहिल्यांदा गेले ते २००७ च्या हिवाळ्यात. ज्या तळ्यांची छायाचित्रे पाहून आम्ही एवढा प्रवास केला होता, त्यांच्या जागी भेगाळलेला चिखल होता, आणि सहलीच्या नावा कोरड्या जमिनीवर पडून होत्या. गेल्या जानेवारीत मुलीला घेऊन पुन्हा गेले, तेव्हा त्याच जागी कमरेएवढे पाणी होते आणि नावाडी लांब बांबूने तळ रेटत आम्हाला बाभळींच्या मधून नेत होता. या दोन भेटींमधल्या फरकाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तो फरक केवळ पाऊस कमी-जास्त झाल्याचा नाही.

उद्यान तसे लहान आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. फाटकापासून मधल्या केवलादेवाच्या, म्हणजे शंकराच्या, देवळापर्यंत एक सरळ सडक जाते. आत पायी, सायकलने किंवा सायकलरिक्षाने फिरता येते. रिक्षा चालवणाऱ्यांत शीख पुष्कळ आहेत, आणि त्यांचे पक्ष्यांचे ज्ञान थक्क करणारे आहे. आम्ही मात्र फाटकावर दोन सायकली भाड्याने घेतल्या. सायकलचा मोठा गुण म्हणजे ती आवाज करत नाही आणि मनात येईल तिथे थांबते. सडकेच्या कडेला पाण्यात मान खुपसणारे तलवार बदक, काठीसारखे पाय घेऊन उभे असलेले शेकाटे, पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारी जांभळी पाणकोंबडी हे सगळे आम्हाला पाच-सहा हातांवरून दिसले. काळ्याभोर अंगावर पांढरा टिळा मिरवणाऱ्या पक्ष्याला आपण मराठीत वारकरी म्हणतो हे मुलीला सांगितले, तेव्हा तिने तो थवा पुन्हा दुर्बिणीतून पाहिला.

सडक सोडून बांधांवर उतरले की सायकल टेकवावी लागते आणि खरे पाहणे सुरू होते. बांधावरून चालताना लक्षात येते की हे सगळे पाणी चौकोनाचौकोनांत अडवलेले आहे, मध्ये लहान दरवाजे आहेत, आणि एका भागातले पाणी दुसऱ्या भागात सोडण्याची व्यवस्था आहे. ही जमीन मुळात खोलगट. जवळच अजान बांध आहे, तो अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात घातला गेला. पानिपतावरून जखमी, उपाशी अवस्थेत परतणाऱ्या मराठ्यांना १७६१ मध्ये ज्यांनी आसरा दिला, तेच हे सूरजमल. त्यामुळे मराठी माणसाने त्या बांधाकडे थोड्या कृतज्ञतेने पाहावे असे मला वाटते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानाने बदकांच्या शिकारीसाठी आतले बांध आणि पाट वाढवले. शिकारीचे आकडे देवळाजवळच्या दगडी फलकांवर कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तरीही त्याच शिकारीसाठी राखलेल्या पाण्यामुळे ही पाणथळ जागा शेतीखाली गेली नाही, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

दुपारी नावेत बसलो. नावेतून दिसते ते बांधावरून दिसत नाही. पाण्यात उभ्या असलेल्या देशी बाभळी अगदी जवळ येतात, फांदीवर पंख पसरून ऊन खाणारा तिरंदाज हलत नाही, आणि पाऊस संपता संपता इथेच वाढलेल्या चित्रबलाकांची रिकामी घरटी डोक्यावर दिसतात. एकेका बाभळीवर अशी कितीतरी घरटी होती. पिल्ले वाढवायला या पक्ष्यांना मासे लागतात, आणि मासे येतात ते पावसाळ्यातल्या नदीच्या पाण्याबरोबर, अंडी आणि बारीक पिलांच्या रूपाने. म्हणूनच गंभीर नदीचे पाणी अजान बांधात येणे आणि तिथून पाटाने उद्यानात उतरणे हा इथल्या जीवनाचा पाया आहे. कूपनलिकेने उपसलेल्या पाण्याने तळे भरलेले दिसेल, पण त्यात मासे नसतील, आणि मासे नसतील तर बाभळीवर घरटेही होणार नाही.

आता २००७ कडे येते. गंभीर नदीवर वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात उद्यानाला मिळणारे पाणी जवळजवळ थांबले. उद्यानाची गरज वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट. धरणाच्या परिसरातले शेतकरी म्हणत होते की आमच्या पिकांना आधी पाणी द्या. त्यांना मी दोष देणार नाही. दुष्काळात ज्याच्या शेतात उभे पीक वाळते, त्याला पक्ष्यांचे महत्त्व समजावणे क्रूरपणाचे आहे. माझा आक्षेप पाणीवाटपाच्या पद्धतीवर आहे. १९८१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत ज्या जागेचे नाव गेले, तिचे पाणी दरवर्षी नव्याने मागावे लागते हे मला मान्य नाही. शेती, पिण्याचे पाणी, कारखाने यांच्याप्रमाणे पाणथळ जागेचाही वाटा ठरलेला, लेखी आणि कमी पावसाच्या वर्षीही त्या प्रमाणात मिळणारा असला पाहिजे. २०१२ मध्ये गोवर्धन नाल्यातून पुराचे पाणी आणण्याची योजना पूर्ण झाली आणि पाइपलाइनने चंबळचे पाणीही मिळू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. तरी गंभीर नदीच्या पाण्याची जागा ही दोन्ही पाणी पूर्णपणे घेऊ शकत नाहीत, असे माझे मत आहे.

दुसरा धडा गवताचा आहे. राष्ट्रीय उद्यान होताच १९८२ मध्ये म्हशींना आत चरण्याची बंदी झाली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला आणि त्यात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून दिसले की म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले आणि पक्ष्यांना मोकळे पाणी उरेना. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन वापरली, त्यांना विचारले असते तर हे आधीच कळले असते. नंतर उद्यानात माजलेली परदेशी विलायती बाभूळ काढण्याच्या कामात गावकऱ्यांना सामील करून घेतले गेले, ते योग्यच झाले.

सायबेरियन क्रौंच मात्र आता इथे येत नाहीत. २००२ नंतर ते इथे दिसलेले नाहीत. नावाड्याने ते जिथे उतरत असत तो भाग हाताने दाखवला आणि आम्ही बराच वेळ तिकडे पाहत राहिलो.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे ते पाणीही बंधाऱ्यानेच अडवलेले आहे, आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ तेच. तिथे जाणाऱ्यांनी पक्ष्यांच्या यादीबरोबर बंधाऱ्याचे दरवाजे आणि पाण्याची आवर्तने यांचीही चौकशी करावी, असे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

काठाला लागताना नावाड्याने बांबू वर काढून किती भिजला ते मुलीला दाखवले. साधारण तिच्या खांद्याएवढा. येत्या सप्टेंबरात, चित्रबलाकांची पिल्ले घरट्यात असताना, आम्ही पुन्हा जाणार आहोत. तिकिटे काढण्याआधी तिथल्या ओळखीच्या रिक्षावाल्या भाऊंना फोन करून अजान बांधात पाणी आले का, एवढे विचारायचे आहे.