ॲपने दगडाचं नाव सांगितलं, मग गाईड कशाला? – एका कमेंटला जरा लांबलेलं उत्तर

तुमची कमेंट आली त्याच दिवशी वाचली होती. खरं सांगू का, वाचून थोडं डोकं फिरलं, म्हणून चार दिवस गप्प बसले. आता लिहितेय आणि हे लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की किनाऱ्यावरचे खडक समजून घ्यायचे असतील तर निदान पहिले दोन-तीन वेळा कुणा जाणकाराबरोबर चालत जा. त्यावर यांचं म्हणणं असं की आता फोटो काढला की ॲप नाव सांगतं, मग गाईडच्या मागे शाळेच्या सहलीसारखी रांग लावून कशाला फिरायचं, वर हे गाईड लोक अर्धा वेळ थापा मारतात, आणि असल्या वॉकमुळेच किनाऱ्यांची वाट लागते. सोबत स्वतःचा अनुभवही दिलाय, की किनाऱ्यावर भोकाभोकांचा एक खडक दिसला, ॲप म्हणालं सँडस्टोन, म्हणजे वाळूचा खडक, "झालं, विषय संपला". या दगडाकडे शेवटी येते, तो विसरलेले नाही.

थापांचं आधी घेते कारण ते मला मान्यच आहे. मी स्वतः अशा एका वॉकला गेलेय जिथे दीड तास "हा बघा हत्ती, हे कासव, ही बाई बसलीय" एवढंच चाललं होतं. कातळातून एक काळा पट्टा सरळ समुद्रात गेला होता, वीतभर रुंद, रूळ टाकल्यासारखा, म्हणून विचारलं हे काय, तर उत्तर मिळालं की लाटांनी घासून काळा पडलाय. बरं म्हटलं आणि घरी आले. वर्षभराने त्याच पट्ट्यापाशी दुसऱ्या एका बाईंबरोबर गेले, निवृत्त शिक्षिका, अंगात जुनाट शर्ट आणि गळ्यात दहापटीचं भिंग. त्यांनी काही सांगितलंच नाही. भिंग हातात दिलं आणि म्हणाल्या, कडेपासून मध्यापर्यंत हळूहळू बघत या आणि काय बदलतं ते मला सांगा. गुडघे टेकून, नाक जवळजवळ दगडाला लावून बघितलं. कडेला इतका बारीक की कण दिसतच नव्हते, नुसता काळा मुलामा. मधे आल्यावर मात्र बारीक बारीक स्फटिक चमकायला लागले, साखरेच्या दाण्यांपेक्षा लहान पण दिसत होते. का बरं, म्हणाल्या. मी गप्प. मग त्यांनीच धागा दिला, की गरम रस गार भिंतीला टेकला तर आधी कुठे थिजेल?

म्हणजे तो पट्टा म्हणजे आधीपासून असलेल्या खडकाला भेग पडून तिच्यात खालून घुसलेला शिलारस, डाईक म्हणतात त्याला. कडेला झटकन गार झाला म्हणून कण बारीक राहिले, मधे सावकाश गार झाला म्हणून त्यांना वाढायला वेळ मिळाला. आणि एकदा हे कळलं की पुढचं आपोआप येतं, जो कापतो तो धाकटा, जो कापला गेला तो थोरला. हे मला कुणी व्याख्या म्हणून पाठ करून दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरले असते.

मी ॲपही लावून बघितलं होतं हं तिथे. ॲप म्हणालं बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक. बरोबरच असेल. पण माझा प्रश्न नावाचा नव्हताच ना, तो मधूनच कसा आला हा होता. ॲपला एका फोटोपुरता रंग आणि पोत दिसतो. दगडावर मिठाचा थर आहे, शेवाळ आहे, ऊन-पावसाने वरची साल बदललीय, यातलं काहीही त्याला फसवू शकतं. शिवाय तुम्ही उचललेला सुटा गोटा त्या किनाऱ्याचा आहे की नदीने कुठून तरी लांबून आणून टाकलाय हे फोटोत कुठे दिसणार? म्हणून माहितीतली माणसं आधी जागचा कातळ बघतात आणि गोटे नंतर.

आणि गाईडला नावं ठेवायच्या आधी एक गोष्ट ऐका. १७८८ साली जेम्स हटन नावाचा साठी ओलांडलेला स्कॉटिश भूवैज्ञानिक दोघांना बोटीत घालून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर घेऊन गेला. एक जेम्स हॉल, आणि दुसरा जॉन प्लेफेअर, जो मुळात गणिताचा प्रोफेसर. सिकार पॉइंट नावाच्या टोकावर खाली राखाडी खडकाचे थर पुस्तकं उभी लावल्यासारखे जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्यावर तांबड्या वाळूच्या खडकाचे थर थोडेसे कलते पसरलेत. समुद्राच्या तळाशी गाळ साचतो तो आडवा. म्हणजे आधी राखाडी थर आडवे साचले, दगड झाले, चेपून उभे झाले, वर आले, झिजून सपाट झाले, मग त्यांच्यावर तांबडी वाळू साचली, तीही दगड झाली, आणि पुढे कधीतरी हे सगळंच थोडं कललं. आज आपण म्हणतो की त्या दोन खडकांच्या मधे सुमारे साडेसहा कोटी वर्षांची फट आहे. तेव्हा हा आकडा कुणालाच माहीत नव्हता, पण पृथ्वीचं वय काही हजार वर्षांत बसणार नाही एवढं तिथे उभं राहून दिसत होतं. गंमत म्हणजे हटनचं स्वतःचं लिखाण वाचायला भयंकर जड होतं, त्याचं म्हणणं लोकांपर्यंत पोचलं ते प्लेफेअरने १८०२ साली सोपं करून लिहिलं म्हणून. आणि ज्याने ते सोपं केलं त्याला किनाऱ्यावर नेऊन बोट दाखवून समजावलेलं होतं. गाइडेड वॉकच झाला की हो हा, बोटीतून गेले एवढंच.

आता ज्याचा तुम्ही उल्लेखही केला नाही ते, म्हणजे पाणी. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते कारण एकटं जायचं म्हणताय. मी एकदा अशीच एकटी गेले होते, ओहोटी होती, समोर पाणी लांब होतं, निवांत फोटो काढत बसले. समोर लक्ष होतंच, मागे नव्हतं. मी ज्या खडकांवर होते ते उंचावर आणि त्यांच्या मागे किनाऱ्याच्या बाजूला वाळूत एक लांबट चर होता, येताना कोरडा म्हणून लक्षातही आला नव्हता. भरती पहिली त्या चरातून शिरली. वळून बघते तर परतीच्या वाटेवर मांडीभर पाणी. सुटले, फोन भिजला आणि तोंड कोरडं पडलं एवढंच.

भरती एकसारखी चढत नाही हेही मला त्यानंतरच कळलं. साधारण सहा तासांत पाणी चढतं, पण पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात असे दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. चार मीटरचा चढ धरला तर पहिल्या तासात फूटभर आणि तिसऱ्या तासात अख्खा मीटर. म्हणजे पहिला तास तुम्हाला वाटतं काही होतच नाहीये, आणि मग एकदम पळापळ. (हा ठोकताळा आहे, खाडीत किंवा अरुंद जागी गणित वेगळं असतं.) अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला चढ आणखी मोठा, अष्टमीच्या आसपास भांगाला कमी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे परवा गेलो होतो तेव्हा या वेळेला वाट मोकळी होती, हे आज चालत नाही. बरा गाईड ओहोटी लागत असताना आत नेतो आणि पाणी वळायच्या आत माणसं बाहेर काढतो. तुम्हाला जी रांग लावून हाकणं वाटतं ना, त्यातलं निम्मं या घड्याळामुळे असतं.

कड्याखाली बसू देत नाहीत तेही जीव सांभाळायलाच, वरून दरड कोसळते म्हणून. इंग्लंडमधल्या लाइम रेजिसची मेरी ॲनिंग, लहानपणापासून त्याच कड्यांखाली जीवाश्म शोधून विकणारी, मोठमोठे विद्वान तिच्याबरोबर किनाऱ्यावर फिरायचे. १८३३ साली दरड कोसळली आणि तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत गाडला गेला, ती थोडक्यात वाचली. तिला कडा कळत नव्हता असं कोण म्हणेल?

किनाऱ्यांची वाट लागते हा तुमचा मुद्दा मात्र मला बोचला. खरं आहे ते. चाळीस माणसं शेवाळावरून आणि कालवांवरून तुडवत नेली की तिथे काही उरत नाही, आणि हातोडी घेऊन येणाऱ्यांना तर मी परतच पाठवीन. दहा-बारा माणसं, उघड्या कातळावरून किंवा वाळूवरून चालणं, उलटलेला दगड होता तसा परत ठेवणं, एवढं जो गाईड पाळत नाही त्याच्याबरोबर जाऊ नका. याबद्दल मी मूळ पोस्टमध्ये एक अक्षर लिहिलं नव्हतं, ही माझी चूक. आज तिथे भर घालतेय.

आता तुमचा भोकांचा दगड. सँडस्टोन असेलही, पण विषय संपत नाही, कारण भोकं दोन प्रकारची असू शकतात. भरतीच्या रेषेच्या वर, फक्त तुषार येतात तिथे, खारं पाणी दगडात मुरतं, सुकतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि एकेक कण ढिला करून पाडतात. ही भोकं वेडीवाकडी, एकमेकांना चिकटून, मधे पातळ भिंती, मधाच्या पोळ्यासारखी. दुसरी भोकं शिंपल्यातल्या प्राण्यांनी कोरलेली. ही भोकं गोल आणि गुळगुळीत, तोंड अरुंद आणि आत सुरईसारखी फुगलेली, कारण प्राणी लहान असताना आत शिरतो, आतच वाढतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही.

यात एवढं काय? इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओलीला रोमन काळातल्या बाजाराचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत, आणि त्यांच्यावर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर अशा शिंपल्यांनी कोरलेल्या भोकांचा पट्टा आहे. समुद्रातला प्राणी तिथवर चढला कसा? तो नाही चढला, जमीनच खांबांसकट समुद्रात खचली आणि नंतर पुन्हा वर आली, खांब न पडता. चार्ल्स लायेल या भूवैज्ञानिकाने १८३० साली आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्या खांबांचं चित्र छापलं. भोकं बघून हे कळलं, खांब संगमरवरी आहेत हे माहीत असल्यामुळे नाही.

तेव्हा मला सांगा, तुमचा खडक भरतीच्या रेषेच्या वर होता की खाली? भोकांचं तोंड आतल्यापेक्षा अरुंद होतं का? नसेल आठवत तर पुढच्या ओहोटीला जाऊन टॉर्च मारून बघा, आणि आत शिंपला दिसला तर ओढू नका, तो त्या तोंडातून निघत नाही. फोटो काढताना शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि इथेच टाका.