बायोस आणि विंडोजला पासवर्ड टाकला की जुना कॉम्प्युटर सुरक्षित? नाही

सोसायटीच्या, शाळांच्या, छोट्या कार्यालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: "कॉम्प्युटर जुना आहे म्हणून काळजी नको. बायोसला पासवर्ड टाका, कोणी तो चालूच करू शकणार नाही. विंडोजला पासवर्ड टाका, फाइली कोणी उघडू शकणार नाही. पासवर्डात मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह ठेवा, दर महिन्याला बदला, कागदावर कधी लिहू नका. एवढं केलंत की अपडेटची कटकट नाही." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत, आणि त्यांच्या भरवशावर सभासदांच्या आधार-पॅनचे स्कॅन, विद्यार्थ्यांचे दाखले, दुकानाचे हिशेब ठेवलेले असतात. म्हणून एकेक विधान तपासू.

"बायोसला पासवर्ड टाकला की कोणी चालूच करू शकणार नाही"

बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच, विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्राम. त्याचे पासवर्ड दोन असतात. सुपरवायझर पासवर्ड फक्त बायोसच्या सेटिंगमध्ये शिरताना विचारला जातो. यूजर किंवा पॉवर-ऑन पासवर्ड मशीन सुरू होताना दर वेळी विचारला जातो. अनेकजण पहिला टाकतात आणि दुसरा टाकल्याच्या समजुतीत राहतात. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये 'सिक्युरिटी ऑप्शन' अशी एक ओळ असते. तिथे 'सेटअप' असेल तर पासवर्ड टाकूनही विंडोज सरळ सुरू होतं. ते 'सिस्टम' केलं तरच सुरुवातीला विचारणा होते.

तो नीट टाकला तरी प्रश्न राहतोच. जुन्या डेस्कटॉपमध्ये हा पासवर्ड मदरबोर्डवरच्या सीमॉस मेमरीत असतो आणि ती मेमरी सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटण सेलवर चालते. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढा, भिंतीतली वायर काढा, सेलची क्लिप दाबून तो उचला, पाच-दहा मिनिटं थांबा: पासवर्ड गेला. वायर काढणं यात महत्त्वाचं, कारण बटण बंद असलं तरी एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतच असतो आणि सीमॉस त्यावर तग धरते. अनेक बोर्डांवर सेलजवळच तीन पिनांचा जंपरही असतो. त्याची टोपी १-२ पिनांवरून २-३ वर नेली की तेच काम काही सेकंदांत होतं. डेलच्या ऑप्टिप्लेक्ससारख्या ऑफिस मशीनमध्ये पासवर्डसाठी 'पीएसडब्ल्यूडी' असं छापलेला वेगळा जंपर दिलेला असतो.

कोणी मुद्दाम काही न करताही हा पासवर्ड जातो. सेल थकला की सकाळी स्क्रीनवर 'सीमॉस चेकसम एरर' येतं, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, बँकेच्या साइट सर्टिफिकेट चुकीचं म्हणून उघडत नाहीत, आणि बायोसचा पासवर्डही पुसलेला असतो. नवा सेल टाकून तारीख दुरुस्त केली जाते. पासवर्ड पुन्हा टाकायचं बहुतेक वेळा कोणाच्याच लक्षात येत नाही.

लॅपटॉपमध्ये धोका बरोबर उलटा आहे. थिंकपॅडसारख्या मशीनमध्ये सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये साठवला जातो. सेल काढून तो जात नाही, आणि विसरलात तर कंपनीचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदलणं हेच असतं. जुन्या लॅपटॉपच्या किमतीत तो खर्च बसत नाही.

मग बायोस पासवर्ड निरुपयोगी आहे का? नाही, त्याचं काम वेगळं आहे. सुपरवायझर पासवर्ड टाका, बूटच्या (कॉम्प्युटर कशावरून सुरू व्हायचा त्याच्या) क्रमात हार्ड डिस्क पहिली ठेवा, यूएसबी आणि सीडीवरून बूट बंद करा आणि कॅबिनेटच्या मागच्या कडीला छोटं कुलूप लावा. येताजाता कोणी पेन ड्राइव्ह लावून दुसरी सिस्टिम सुरू करणं यामुळे थांबतं. स्क्रू ड्रायव्हर आणि निवांत वेळ असलेला माणूस मात्र थांबत नाही.

"विंडोजला पासवर्ड टाकला की फाइली कोणी उघडू शकणार नाही"

या संपूर्ण सल्ल्यातलं सर्वांत घातक विधान हेच. विंडोजचा पासवर्ड विंडोज विचारतं. विंडोज सुरूच झालं नाही तर विचारणारं कोणी उरत नाही. डिस्कवरच्या फाइली जशाच्या तशा, उघड्या लिहिलेल्या असतात. लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की 'माय डॉक्युमेंट्स' समोर दिसतं, कारण विंडोजने फाइलींवर लावलेले परवानगीचे नियम पाळायला ती सिस्टिम बांधील नाही. किंवा डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. फोल्डर उघडताना 'तुम्हाला परवानगी नाही' असं आलं, तरी त्या मशीनचा ॲडमिन असलेल्याने 'कंटिन्यू' दाबलं की ते उघडतं.

विंडोजची एक्सपी ही जुनी आवृत्ती अजून वापरात असेल तर परिस्थिती आणखी वाईट. एक्सपी होममध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं खातं स्वागताच्या पडद्यावर दिसत नाही, पण सेफ मोडमध्ये दिसतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याला पासवर्डच नसतो. शिवाय एक्सपी १४ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड जुन्या एलएम पद्धतीनेही साठवून ठेवतं: सगळी अक्षरं कॅपिटल करून, सात-सात अक्षरांचे दोन तुकडे पाडून. असा तुकडा फोडणं आजच्या साध्या कॉम्प्युटरलाही जड नाही. पासवर्ड १५ किंवा जास्त अक्षरांचा असेल तर एलएम नोंद होत नाही. एक्सपीवर एवढी एक गोष्ट लगेच करता येते.

फाइली खरोखर झाकायच्या असतील तर अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलावी लागते. विंडोज १०च्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे. जुन्या बोर्डावर टीपीएम (एन्क्रिप्शनची किल्ली जपणारी) चिप नसल्याने ते 'चालणार नाही' असं सांगतं आणि लोक तिथेच सोडून देतात. रन खिडकीतून ग्रुप पॉलिसी एडिटर उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, बिटलॉकर, ऑपरेटिंग सिस्टिम ड्राइव्ह्ज या वाटेने जाऊन 'रिक्वायर ॲडिशनल ऑथेंटिकेशन ॲट स्टार्टअप' चालू करा आणि टीपीएमशिवाय परवानगी देणाऱ्या चौकोनात खूण आहे ना ते बघा. त्यानंतर सुरुवातीचा पासवर्ड ठरवता येतो. विंडोज ७मध्ये बिटलॉकर फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइझमध्ये आहे, आणि टीपीएम नसेल तर तिथे किल्ली पेन ड्राइव्हवर ठेवावी लागते. तो पेन ड्राइव्ह मशीनलाच लावून ठेवला तर सगळं मुसळ केरात.

होम आवृत्तीसाठी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याची १.२६पासूनची आवृत्ती विंडोज १० आणि पुढच्यांसाठीच आहे. विंडोज ७ साठी १.२५.९ ही शेवटची. कोअर-टू-ड्युओसारख्या प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनसाठीच्या खास सूचना नसल्याने काम थोडं मंदावतं. 'टूल्स'मधल्या 'बेंचमार्क'ने किती मंदावेल ते आधीच कळतं.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी चुकवू नका. बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्या आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची प्रकृती तपासा. 'रीॲलोकेटेड सेक्टर्स' (खराब झाल्याने बदललेले डिस्कचे भाग) वाढत असतील तर ती डिस्क एन्क्रिप्शनचा अखंड ताण सोसेल याचा भरवसा नाही. आधी डिस्क बदला. आणि सुरुवातीचा पासवर्ड रोमन अक्षरं आणि आकड्यांचाच ठेवा. व्हेराक्रिप्टचा सुरुवातीचा पडदा अमेरिकन कीबोर्डच मानतो, तिथे इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड नाही.

विंडोजचा पासवर्ड तरीही हवाच, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी. तो नसेल तर क्रोमने जपून ठेवलेले सगळे पासवर्ड कोणीही बसून वाचू शकतो. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकत्र दाबायची सवय लावा. रोजच्या कामाला 'स्टँडर्ड' खातं वापरा आणि ॲडमिन खातं वेगळ्या पासवर्डचं ठेवा. चुकून आलेला बराचसा कचरा त्याने ॲडमिनच्या अधिकारांशिवाय अडून राहतो.

याच गैरसमजाची धाकटी भावंडं एक्सेल आणि टॅलीत आहेत. एक्सेलचं 'प्रोटेक्ट शीट' हे हात चुकून लागू नये म्हणून आहे, गुप्ततेसाठी नाही. उघडतानाच विचारणारा पासवर्ड वेगळा, आणि तोही जुन्या ९७-२००३ स्वरूपाच्या फाइलीत कमकुवत, ४० बिटांचा. फाइल नव्या स्वरूपात साठवून मगच पासवर्ड लावा. टॅलीत कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट करतो तो 'टॅलीव्हॉल्ट'. त्याचा पासवर्ड विसरलात तर डेटा परत मिळत नाही, हे माहीत असूनच तो लावायचा.

"मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, आणि दर महिन्याला बदल"

दर महिन्याला बदलायला लावलं की 'गणपती@१२३'चा 'गणपती@१२४' होतो. जुना कळलेल्याला नवा ओळखायला एक प्रयत्न पुरतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नये असंच म्हटलं, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये विंडोज १०च्या सुरक्षा-शिफारशींतून ती अट काढून टाकली. पासवर्ड कोणाला कळल्याची शंका आली, किंवा तो माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेला, तर मात्र त्याच दिवशी बदला.

खरं बळ लांबीत आणि अनपेक्षितपणात आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहा, 'vilipavatiumbartarafa' (विळी, पावती, उंबर, तराफा) अशा धर्तीचे. हा नमुना वापरू नका. डोळे मिटून शब्दकोशाची पानं उघडा आणि बोट पडेल ते शब्द घ्या. म्हण, अभंगाची ओळ किंवा मुलांची नावं नकोत. त्यांचा अंदाज बांधता येतो.

"कागदावर कधी लिहू नका"

मॉनिटरला चिकटवलेली चिठ्ठी नको, इतकंच यात खरं. इंटरनेटवरून येणाऱ्या चोराला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही. लिहायचं नाही म्हटलं की माणूस एकच पासवर्ड मेल, बँक आणि कॉम्प्युटरला लावतो, आणि ते जास्त वाईट. घरी वही कुलपात ठेवा. पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडणारी बिटलॉकरची ४८ आकड्यांची रिकव्हरी की तर छापूनच ठेवायची असते, आणि त्याच मशीनच्या डिस्कवर नाही. सोसायटीत किंवा संस्थेत हे कागद बंद पाकिटात घालून, तारीख लिहून सेक्रेटरीकडे द्या. कार्यकारिणी बदलली की दप्तराबरोबर ते पाकीटही नव्यांकडे जाऊ द्या आणि आतले पासवर्ड बदला.

"मग अपडेटची कटकट नाही"

१२ मे २०१७ रोजी फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय पसरलं तेव्हा त्याने कोणाचा पासवर्ड ओळखला नाही. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या दोषातून ते एका मशीनमधून दुसऱ्यात शिरलं. त्या दोषाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. बळी गेली ती ही दुरुस्ती न लावलेली मशीन, पासवर्ड असूनही.

एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ला थांबले, विंडोज ७चे १४ जानेवारी २०२०ला, आणि विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला. नोंदणी करून मिळणारी मुदतवाढ वेगळी. फक्त मेल आणि टायपिंगचं काम असेल आणि ४ जीबी रॅम असेल, तर अशा मशीनवर लिनक्स मिंट बसवा. बसवतानाच डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय येतो. टॅली किंवा जुन्या प्रिंटरसाठी एक्सपी किंवा विंडोज ७ ठेवणं भागच असेल तर त्याची लॅनची वायर काढा आणि वायफाय बंद करा. दर आठवड्याला बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तो संपताच डिस्क काढून ठेवा. लावलेली राहिली तर फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस बॅकअपही सोबत घेऊन जातो.