ड्राइव्ह दिसत नाही म्हणजे लेन्स गेली? कुणी सांगितलं!

महिन्याभरात एकच मेसेज चार ग्रुपांवर आला. मजकूर थोडक्यात असा: "कॉम्प्युटरमधला डीव्हीडी ड्राइव्ह दिसेनासा झाला तर समजा लेन्स गेली. लेन्स स्पिरिटनं पुसा. नाही जमलं तर विंडोज नवीन टाका. तरीही नाही दिसला तर ड्राइव्ह मेला, सरळ यूएसबीचा घ्या, लावला की चालू." खाली हात जोडलेले आणि 'सर्वांना पाठवा'. मी सोलापुरात बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. यातलं शेवटचं तेवढं लोकांनी इमानेइतबारे केलंय, बाकी एकही वाक्य धड नाही.

पहिली गोष्ट लेन्सची. 'दिसत नाही' आणि 'वाचत नाही' हे दोन वेगळे आजार आहेत. कॉम्प्युटर सुरू झाला की मदरबोर्ड प्रत्येक साटा पोर्टवर, म्हणजे ड्राइव्हची केबल लागते त्या खाचेवर, हजेरी घेतो. ड्राइव्हच्या पोटातल्या सर्किट बोर्डवरची चिप आपलं मॉडेल सांगून 'हजर' म्हणते. या हजेरीत लेन्सचं काहीच काम नाही. ती लागते ट्रेमध्ये डिस्क पडल्यावर. लेन्स पार आंधळी झाली तरी 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हचं चित्र दिसतंच. आत डिस्क असून तो 'डिस्क टाका' म्हणतो, एवढंच. लेन्समागचे लेझर दोन: सीडी वाचणारा ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५०चा, आणि त्यातला एकच जाऊ शकतो. म्हणून काही ड्राइव्ह सीडी झकास वाचतात आणि डीव्हीडी टाकली की नुसते घरघरतात. लेझरचा खरा आजार हा, आणि यात ड्राइव्ह कुठं गायब होत नाही.

स्पिरिटबद्दल दोनच वाक्यं. लेन्स बहुतेक प्लास्टिकची असते आणि केसाएवढ्या तारांवर तोललेली असते. कापूस दाबून घासलात तर ती कायमची वाकडी होते. आणि स्पिरिट नाही म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर वापरणारे महाभागही मी पाहिलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

मग ड्राइव्ह गायब होतो कशानं? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली गोष्ट सांगतो. चादरीचा कारखाना, मालकांना सगळे अण्णा म्हणतात. जेकार्डची, म्हणजे नक्षीदार विणकामाची, जुनी डिझाइनं सीडीवर ठेवलेली, आणि नेमका ऑर्डरच्या वेळी ड्राइव्ह गायब. "लेन्स गेली म्हणालाय की तो पोरगा," अण्णा म्हणाले. मी ड्राइव्हचं बटण दाबलं. ट्रे सर्रकन बाहेर. म्हणजे वीज पोचतीय. मशिन रीस्टार्ट करून डिलीट दाबत बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत) गेलो, तिथं हार्ड डिस्कचं नाव होतं, ड्राइव्हचं नव्हतं. बायॉसलाच दिसत नाही म्हणजे विंडोजचा यात दोष नाही, तिथं काही शोधत बसायचं कारण नाही. बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडलं. यंत्रमागाच्या शेजारचं मशिन, आत सुताच्या तुसाची गादीच झालेली. आदल्या दिवशी कुणीतरी ब्लोअर मारला होता. त्या झटक्यात लाल साटा केबल ड्राइव्हच्या मागं अर्धवट सुटून तिरकी लोंबत होती. त्या केबलला धातूची क्लिप नव्हती. जुन्या केबलांना नसतेच, हादऱ्यानं त्या सरकतात. दुसरी क्लिपवाली लावली, टक् आवाज आला, बायॉसमध्ये नाव आलं. अण्णांनी चहा सांगितला आणि त्या पोराला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ट्रेच उघडत नसेल आणि दिवाही लागत नसेल तर पॉवरचा रुंद, १५ पिनांचा जोड बघा. डेटाचा ७ पिनांचा असतो. केबल ठीक वाटली तरी मदरबोर्डवरचा पोर्ट बदलून बघायला पैसे पडत नाहीत. फारच जुन्या मशिनला ४० पिनांची रुंद पट्टी असते. तिथं एका पट्टीवरच्या दोन्ही ड्राइव्हांचे जंपर (मागच्या पिनांवरच्या छोट्या टोप्या) 'मास्टर'वर, म्हणजे मुख्य ड्राइव्हच्या जागी, असले की त्यातला एखादा हरवतो.

आता 'विंडोज नवीन टाका'. हा उपाय कधीकधी लागू पडतो हे कबूल, म्हणून तर मेसेज फिरतोय. बायॉसमध्ये ड्राइव्ह दिसतो, विंडोजमध्ये नाही, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीत) त्याच्या नावावर पिवळा त्रिकोण, कोड १९ किंवा ३९: असं असेल तर बहुतेक वेळा एखादं सीडी बर्न करायचं सॉफ्टवेअर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत) 'अप्परफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या नोंदी बिघडवून गेलेलं असतं. नवीन विंडोजनं त्या पुसल्या जातात खऱ्या, पण ढेकूण झाले म्हणून बाज जाळायची का? रजिस्ट्रीच्या 'क्लास' विभागात ४डी३६ई९६५ने सुरू होणारं फोल्डर उघडा, आधी ते एक्स्पोर्ट करून ठेवा, त्यातल्या त्या दोन नोंदी काढा, रीस्टार्ट करा. फार तर बर्निंगचं सॉफ्टवेअर परत टाकावं लागेल. मात्र आकडा तीनदा वाचा. शेवटी ९६५च्या जागी ९६७ असेल तर ते हार्ड डिस्कचं, ९६बी असेल तर कीबोर्डचं. 'अप्परफिल्टर्स' तिथंही असतं आणि तिथं ते लागतं. काढलंत तर विंडोज सुरूच होणार नाही, किंवा कीबोर्ड मुका होईल. आकड्यांची धास्ती वाटत असेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

राहिला यूएसबीचा नवा ड्राइव्ह, 'लावला की चालू'. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला तर कित्येकदा नुसता टिकटिकतो, कारण यूएसबी २.० पोर्टकडून हक्कानं मिळतात ५०० मिलिअँपिअर आणि डिस्क फिरायला लागताना मोटर त्याहून जास्त मागते. मागच्या पोर्टला लावा, किंवा दोन पोर्टांतून वीज घेणारी दोन तोंडांची केबल वापरा. पण मोठी गोम पुढंच आहे. त्या फिल्टर्सच्या नोंदी एका ड्राइव्हपुरत्या नसतात, सीडी-डीव्हीडीच्या अख्ख्या वर्गाला लागू असतात. सात रस्त्याजवळच्या एका मावशींनी लेकीच्या लग्नाची डीव्हीडी बघायला हा मेसेज वाचून यूएसबीचा ड्राइव्ह आणला. त्याच्याही नावावर तोच पिवळा त्रिकोण. "नवाही खराब निघाला हो," म्हणत मशिन घेऊन आल्या. नोंदी काढल्या, रीस्टार्ट केलं, आणि आतला जुना आणि बाहेरचा नवा असे दोन्ही ड्राइव्ह एकदम उगवले. डीव्हीडी जुन्यातच लागली. नवा अजून खोक्यासकट त्यांच्या टीव्हीखाली पडून आहे.