कूलरमधलं पाणी अजिबात काढू नका

पोरीला डेंग्यू झाला. पाच दिवस तिच्या उशाशी बसून सलाईनचे थेंब मोजले, आणि नातेवाईक रोज फोनवर प्लेटलेट विचारायचे, जसा कापसाचा भाव. तेवढ्या अनुभवावर हा फुकटचा सल्ला.

मे महिन्यात ४५ अंशांत लावलेला कूलर दिवाळीपर्यंत हलवू नये. तळाला पाणी असू द्यावं.

जुने टायर गच्चीवर ठेवा. कामी येतात.

नळाला आठव्या-दहाव्या दिवशी पाणी येतं, हे मी आपल्याकडे कोणाला सांगावं? तर टिपाड, कोठी, रांजण सगळं भरा आणि उघडं ठेवा. हा डेंग्यूचा एडिस डास गटारात जात नाही, त्याला आपल्यासारखंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंड्यातून उडता डास व्हायलाही आठ-दहा दिवसच. खात्यांमध्ये ताळमेळ नाही असं कोण म्हणतं?

आशाताई टिपाडात डोकवायला आल्या की दारातूनच कटवा.

पोरगी तापली की मग धुराची गाडी बोलवा. आमच्या गल्लीत ती तिसऱ्या दिवशी आली, रात्री आठला. डास चावतो दिवसा. धुरानं मरतात ते उडते डास, टिपाडातल्या अळ्यांना ठसकासुद्धा लागत नाही. पण गाडीपुढे भाऊ उभे होते, फोटोत धूर झकास आला. अहो भाऊ, जूनमध्ये कुठं होतात? तेव्हा अबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, पाण्यात टाकायला माणूस नव्हता, अळ्या खाणारे गप्पी मासे मागितले तर साहेब मीटिंगला. अळीची फीत कापता येत नाही ना! दवाखान्याला इमारत लागते, इमारतीला ठेका लागतो. न आलेल्या तापाचा ठेका कोणाला द्यायचा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश तरी प्राथमिक सेवेवर घाला. लिहिलंय, बरं का. आणि पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं ते ॲडमिट झाल्यावर चालतं, टिपाडाच्या झाकणाला नाही.

आणि तुम्ही काय हसताय? भरिताच्या पार्टीला अख्खा रविवार शेतात घालवता, टिपाड घासायला अर्धा तास नाही? नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने राहतात, घासावंच लागतं. डेंग्यूवर खास औषध नाही, पपईच्या पानाचा रस पाजत बसाल.

जूनमध्ये आशाताईंना दारातून मीच परत पाठवलं होतं. परवा आमचा कूलर उघडला. अळ्या वळवळत होत्या.